अँथ्रासाइटची जुनी शेगडी पुन्हा कामाला लावताना

ईशान्य पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटन आणि विल्क्स-बारे यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही घर घेतले, तेव्हा तळघरातली कोळशाची लाकडी कोठी शाबूत होती आणि दिवाणखान्याच्या भिंतीत धुराड्याचे जुने तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद केलेले होते. घर तापवण्यासाठी तेलाची भट्टी होती. पण तिचा खर्च दर हिवाळ्यात वाढत होता आणि बर्फाच्या वादळात वीज गेली की तीही बंद पडत असे. या भागात अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, चकचकीत आणि जवळजवळ धूर न करणारा कोळसा, आजही खाणीतून निघतो आणि घरपोच मिळतो. विजेशिवाय चालेल अशी शेगडी हवी, हा विचार पक्का झाल्यावर मी नव्या यंत्रांपेक्षा जुन्या पार्लर स्टोव्हकडे, म्हणजे दिवाणखान्यात ठेवायच्या नक्षीदार शेगडीकडे वळलो.

मिळाली ती ग्लेनवुड बनावटीची, मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटन गावच्या वीर स्टोव्ह कंपनीची, विसाव्या शतकाच्या आरंभीची शेगडी. एका वृद्ध गृहस्थांच्या कोठारात ती कित्येक वर्षे उभी होती. तिच्या निकेलच्या पट्ट्या, वरचा कलश आणि नक्षीदार पाय पाहून कोणीही भुलेल. मी मात्र आधी दारे उघडमीट करून पाहिली, निखारे राहतात त्या आतल्या कुंडावर हातोडीने हलकेच टिचकी मारून आवाज ऐकला आणि बॅटरी आत ठेवून बाहेर कुठे कुठे उजेड दिसतो ते पाहिले. उजेड बऱ्याच ठिकाणी दिसत होता. कोळशाच्या शेगडीत विस्तवावर ताबा ठेवायचा तो केवळ हवेच्या बळावर. आपण उघडलेल्या झडपेशिवाय दुसरीकडून हवा शिरत असेल, तर ती शेगडी कितीही देखणी असली तरी घरात पेटवण्याच्या लायकीची नाही. त्यामुळे या कामाचा बहुतेक वेळ फटी बुजवण्यात जाणार, हे तिथेच कळून चुकले.

सुटे करण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे फोटो काढले आणि भागांवर खडूने खुणा केल्या. सांध्यांमध्ये भरलेला जुना लेप आणि दारांच्या कडेची दोरी यांत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत मी त्यांना हात लावला नाही. दोरीत ते निघाले. मग ती ओली करून, श्वसनमुखवटा घालून, नियमाप्रमाणे बंद पिशवीतून विल्हेवाटीला दिली. शंभर वर्षांच्या शेगडीवर कोरडा तारेचा ब्रश फिरवायला घेण्याआधी एवढे केलेच पाहिजे.

बोल्ट हा स्वतंत्र अध्याय आहे. आटे गंजून एकजीव झालेले. पाना जोराने फिरवला की बोल्टाचे डोके तुटते किंवा, त्याहून वाईट, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कानच मोडतो. बीड ताण सोसत नाही. गॅसच्या ज्योतीने नट मंद लाल होईपर्यंत तापवायचा, थोडा निवू द्यायचा आणि मग मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांमध्ये ओढले जाते आणि नट कुरकुरत का होईना, फिरतो. जे तरीही हलले नाहीत ते ड्रिलने पोखरून काढले. नवे बोल्ट बसवताना आट्यांना ग्रॅफाइटचा लेप लावला, म्हणजे पुढच्या माणसाला एवढे कष्ट पडू नयेत.

गंज काढण्यासाठी मी विजेची पद्धत वापरली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्याला. गंज सुटून काळ्या चिखलासारखा तळाशी बसतो आणि खालचे चांगले बीड खरवडले जात नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि हायड्रोजन निघत असल्यामुळे हे पिंप घराबाहेर, मोकळ्या हवेतच ठेवावे.

खरी अडचण निघाली ती कुंडात. ज्या बिडाच्या कुंडात निखारे राहतात त्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. पितळेच्या सळईने झाळण लावता आले असते, पण जिथे बीड लालभडक होते तिथे पितळेचे झाळण टिकत नाही. वेल्डिंग करायचे तर सगळा भाग आधी सावकाश तापवून आणि नंतर तितक्याच सावकाश निववून, आणि तरीही शेजारी नवी चीर जाण्याची भीती. शेवटी एका छोट्या ओतशाळेत नवे कुंड ओतून घेतले. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ओतलेले बीड निवताना आकसते, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे एक टक्का. जुना भागच वाळूत दाबून साचा घेतला, तर नवा भाग तेवढ्याने लहान निघतो आणि कड्यावर नीट टेकत नाही. ओतशाळेच्या मिस्त्रींनी त्यासाठी जुन्या कुंडाच्या कडांना भर देऊन नमुना वाढवून घेतला. नवे कुंड हाती आल्यावर मी त्याची बैठक कानशीने साफ केली, खडू लावून ते जागेवर ठेवले, फिरवले, खडू कुठे पुसला जातो ते पाहिले आणि पुन्हा कानस चालवली. हे काम मला सर्वांत आवडले, हे कबूल करतो.

जोडणी खालून वर. या शेगडीचा तळ पोकळ आहे, आणि तिच्या कर्त्याची हुशारी तिथेच दिसते. पेटवताना मागची झडप उघडी ठेवली की वायू सरळ धुराड्यात जातात. विस्तव धरला की झडप बंद करायची, म्हणजे तेच गरम वायू मागच्या बाजूने खाली उतरतात, राखेच्या कप्प्याखालच्या पोकळीतून फिरतात आणि मग मागच्या नळीतून वर जातात. धुराड्यात वाया जाणारी उष्णता अशी जमिनीलगत खोलीत उतरते. पण या वळणावळणाच्या वाटेवरचा एकही सांधा कच्चा राहिला, तर हवा आडवाटेने शिरते आणि सगळा खेळ बिघडतो. म्हणून प्रत्येक सांध्यात भट्टीचे सिमेंट भरले, दारांना फायबरग्लासची नवी दोरी बसवली, आणि सिमेंट वाळल्यावर आत उदबत्त्या पेटवून, बाहेर अंधार करून, बॅटरीच्या झोतात धुराची रेघ कुठून निघते ते शोधले. देव्हाऱ्यातल्या पुड्यातली उदबत्ती या कामाला दुकानातल्या धुराच्या कांड्यांपेक्षा सरस ठरली.

समोरच्या दाराच्या खिडक्यांना काच नसते, अभ्रकाचे पातळ तक्ते असतात. काच तडकेल अशा तापमानालाही अभ्रक दाद देत नाही. मागवलेल्या पाकिटावर उगमदेश भारत असे छापलेले होते. कोडरमाच्या अभ्रकखाणींविषयी शाळेच्या भूगोलात पाठ केलेली ओळ इतक्या वर्षांनी पेनसिल्व्हेनियात उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. तक्ता कात्रीने कापता येतो. मात्र स्क्रू आवळताना हात राखून आवळावे, नाहीतर त्याचे पापुद्रे सुटतात.

बाहेरच्या बिडाला ग्रॅफाइटची पॉलिश चोळली. निकेलच्या पट्ट्या मुलामा देणाऱ्याकडे पाठवल्या. जुने निकेल उतरवून, घासून, तांब्याचा थर देऊन त्यावर नवे निकेल चढवायला जो खर्च आला तो कुंडापेक्षाही जास्त होता. पैसे कमी पडत असतील तर निकेल थांबू शकते, धुराडे थांबू शकत नाही. धुराड्याची कॅमेऱ्याने तपासणी करून घेतली, मातीच्या अस्तराच्या दोन नळ्या बदलल्या, नगरपालिकेची परवानगी घेतली, आणि जळू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच अंतर राखून शेगडी उभी केली.

पेटवण्याची रीत लाकडाच्या सवयीने शिकता येत नाही. अँथ्रासाइटला हवा खालून, निखाऱ्यांच्या थरामधून वर जाणारी लागते. विल्क्स-बारेचे जेसी फेल यांनी १८०८ मध्ये उघड्या लोखंडी जाळीवर हा कोळसा पेटवून दाखवला, त्यातले मर्म हेच होते. आधी लाकूड, त्यावर थोडा लाकडी कोळसा, मग ‘नट’ नावाच्या मापाच्या तुकड्यांचा अँथ्रासाइट पातळ थराने, आणि तो धरला की कुंड काठोकाठ. वरून उचकायचे नाही. राख खालची जाळी हलवून पाडायची आणि राखेच्या कप्प्यात लाल उजेड दिसू लागला की थांबायचे. नवा कोळसा घालताना एका बाजूला लाल निखारा उघडा ठेवावा. ताज्या कोळशातून निघणारा वायू त्या निखाऱ्यावर लगेच पेटतो आणि अभ्रकामागे बुटक्या निळ्या ज्वाळा नाचू लागतात. सगळे निखारे झाकले, तर तोच वायू साचून एकदम भडकतो आणि दारे उडवतो.

या कोळशाला धूर नाही, वासही नाही. म्हणूनच कार्बन मोनॉक्साइडचा पत्ता नाकाला लागत नाही. आमच्या घरात प्रत्येक मजल्यावर, आणि झोपायच्या खोल्यांजवळ वेगळे, असे शोधक लावलेले आहेत. नळीवर धुराड्याची ओढ, म्हणजे वायू वर खेचण्याचा जोर, मोजणारा मॅनोमीटर कायमचा जोडला आहे. ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात; ०.०३ ते ०.०५ इंचांच्या दरम्यान काटा राहिला की शेगडी शांतपणे चालते. वाऱ्याच्या रात्री ओढ वाढली तर नळीवरची तोल सांभाळणारी झडप आपोआप उघडून ती कमी करते. सकाळ-संध्याकाळ जाळी हलवणे, कोळसा घालणे आणि राख काढणे, एवढेच रोजचे काम उरते. हिवाळ्यात साधारण तीन टन कोळसा लागतो, आणि इथला टन म्हणजे २००० पौंड.

उन्हाळ्यात मात्र तिला तशीच सोडून चालत नाही. नळीत आणि तळाच्या पोकळीत बसलेल्या बारीक राखेत गंधक असते. दमट हवेत तिचे आम्ल होते आणि ते पत्रा खाते. एप्रिलअखेर विस्तव विझला की मी नळी उतरवतो, पोकळी ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करतो, आतून तेलाचा हात फिरवतो आणि धुराड्याचे तोंड बंद करतो. विमा कंपनीने तपासणीचा कागद मागितला आणि दुसरी तापवण्याची सोय घरात असलीच पाहिजे अशी अट घातली, म्हणून तेलाची भट्टी काढलेली नाही. आम्ही बाहेरगावी जातो, तेव्हा तिला चालू करतो.