बाबांची पीक पाहणी

तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन देवळाकडे पळाली तसं बाबांनी मला शेताच्या धुऱ्यावर नेलं. कपाशीची ई-पीक पाहणी राहिली होती. २०२१ च्या ऑगस्टपासून शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो मोबाइल ॲपवर टाकायचा असतो. आधी हे काम तलाठ्यांचं. नोंद नसली की सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, मग हमीभावानं कापूस विकताना पंचाईत.

वाटलं, फोन माझ्या हातात देतील. छे. चष्मा कपाळावर सरकवला (जवळचं त्यांना बिनचष्म्याचंच दिसतं), धोतराला बोटं पुसली आणि गट नंबर स्वतःच टाकला. खाते क्रमांक, हेक्टर, आर, सगळं तोंडपाठ. कपाशीत तुरीची तासं आहेत, म्हणजे मिश्र पीक. ते कुठं आहे हे मी शोधेस्तोवर त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. "मले वाचता येते ना!" रेंज नव्हती, म्हणून विहिरीजवळच्या चढावर जाऊन अपलोड केलं. ती जागाही त्यांनाच ठाऊक.

हेच बाबा व्हॉट्सॲपवर एक अक्षर टाइप करत नाहीत, बोलूनच पाठवतात. फोनवरून पैसे देणं तर नाहीच. किराणा दुकानातही नोटा थुंकी लावून मोजतात. पुण्याचा भाऊ म्हणतो, बाबांना मोबाइल शिकव. त्यानं एकदा धुऱ्यावर येऊन पाहावं. लागतं तेवढं बाबांना येतं, बाकीचं त्यांनी सोडून दिलंय, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

आईचं मात्र वेगळं. कापूस वेचून, सारवून अंगठ्याच्या रेघाच झिजल्यात. ओळख पटवायच्या मशीनवर अंगठा लागत नाही. पदराला घासते, ओला करते, मग दुसरं बोट, मग "उद्या या". यात तिनं काय शिकायचं, कोणी सांगावं!

तिच्या नावावर दोन एकर आहे, म्हणून पीएम किसानच्या पैशांसाठी केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, आलंच. २०२३ पासून ती चेहरा दाखवूनही होते. संध्याकाळी तिला अंगणात उजेडाला बसवलं. तिनं आधी तोंड धुतलं, कुंकू नीट केलं, पदर डोक्यावर घेतला. पापण्या मिटायला सांगितल्या तर डोळे गच्च मिटून बसली. शेवटी झालं एकदाचं.

"पाहू दे, फोटू बरा आला काय?"

तो आपल्याला दिसत नाही म्हटल्यावर चांगलीच फुगली. मग वेगळा काढावा लागला.