नावाआधी काय लावू?

पत्रिका छापणारे, बँकेतले नवे कारकून, शाळेच्या बक्षीस समारंभाचे निवेदक, सगळे मला एकच विचारतात, "मॅडम, नावाआधी सौ. लावू की श्रीमती?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. काहीच लावू नका. फारच रिकामं वाटलं तर ॲड. लावा, ते मी परीक्षा देऊन मिळवलंय.

सौ. म्हणजे नवरा हयात, श्रीमती म्हणजे बहुधा नाही, कु. म्हणजे अजून कुठे जमलेलं नाही. पुरुषाला मात्र जन्मभर एक श्री. पुरतो. जुन्या पत्रिकांत विधवेच्या नावाआधी गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी, सर्रास असायचं. २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा बायका उगाच भडकल्या नाहीत. शब्दाला कितीही गंगास्नान घाला, सांगणार तो तेच : हिचा नवरा गेला. माझ्या नवऱ्याची ख्यालीखुशाली माझ्या नावाआधी नको, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून बाईपण दाखवणारा प्रत्येक शब्द मला खुपतो असं समजू नका. वकीलीणबाई म्हणजे पूर्वी वकिलाची बायको. आता कुडाळला कोर्टाबाहेर पक्षकार मला तीच हाक मारतात आणि मी खुशाल ओ देते. (माझा नवरा वकील नाही, त्यामुळे घोटाळाही होत नाही.) हवालदार मला 'साहेब' म्हणतात, तेही चालतं. ताई, काकी तर हवंच. 'अध्यक्षा' मात्र नको. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

खरा राग आहे तो प्रतिज्ञापत्रातल्या एका ओळीचा. समोर बाई दिसली की टायपिस्ट न विचारता ठोकून देतो, 'धंदा : घरकाम'. तिचा नवरा वर्षानुवर्षं मुंबईत, शिमग्याला नि गणपतीला गावी येणारा चाकरमानी. त्याच्या नावापुढे 'धंदा : शेती'. चिखलात वाकून लावणी करते ती, कागदावर शेतकरी तो!

मालवणच्या बाजारात बसणारी एक बाई आली होती. मी मजकूर वाचून दाखवत होते, तिने मधेच अडवलं. "घरकाम सून करता. मी मासे इकतंय." (मालवणीत हे 'इकतंय' बाईही म्हणते आणि पुरुषही. विकतो-विकतेची भानगड नाही.) टायपिस्टने कुरकुरत पान बदललं.

हा नुसता मानापमानाचा मामला नाही. अशी बाई रस्त्यात अपघातात गेली तर भरपाई तिच्या उत्पन्नावरून ठरते, आणि समोरचा वकील नेमका हाच कागद काढून दाखवतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचंही उत्पन्न धरलं पाहिजे असं पुन्हा बजावलं, फार बरं झालं. पण ते अंदाजाने धरलेलं. बंदरावरच्या लिलावात रोख मोजून घेतलेल्या सुरमईचा हिशेब त्यात कुठून येणार?

आता आमच्या मसुद्यात ती जागा कोरीच असते, विचारून हाताने भरतो. कुणी 'भातशेती, कलमांची राखण आणि घरकाम' असं सांगतं. ओळ पुरत नाही, मग समासात लिहून शेजारी सही घेतो.