तुम्ही विचारलंत म्हणून : ज्याचा विरोध, त्याची निवड

"मुलांना प्राणी हवाय, पण घरातून विरोध आहे. कोणता आणू?"

पुण्यात पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवत असल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, आणि माझ्या दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात यंत्र चालू असतानाच विचारला होता. विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं. 'लॅब्रेडॉर घ्या', 'मांजर बरं' असं काहीतरी. मी नाव सांगत नाही. उलट विचारते, विरोध कोणाचा आहे आणि नेमका कशाला आहे?

पहिल्याचं उत्तर लगेच येतं : आईचा, बायकोचा, सासूबाईंचा, क्वचित बाबांचा. दुसऱ्यावर गाडी अडते. "तिला प्राणी आवडतच नाहीत हो." म्हणजे तिला कोणी नीट विचारलेलंच नसतं.

माझं मत थोडं उफराटं आहे. प्राणी कोणता आणायचा हे हट्ट धरणाऱ्यानं नाही, नको म्हणणाऱ्यानं ठरवावं. पाचवीतला मुलगा कुत्रा मागतो. कुत्रा दहा ते पंधरा वर्षं जगतो. मधल्या काळात मुलाची दहावी होते, बारावी होते, तो शिकायला दुसऱ्या गावी जातो. कुत्र्याचं म्हातारपण, त्याचे सांधे, त्याचा मोतीबिंदू, रात्री दोनदा बाहेर नेणं हे सगळं घरी राहिलेल्यांच्या वाट्याला येतं. माझ्या दवाखान्यात फाइलवर 'ब्रूनो' किंवा 'सिंबा' हे नाव मुलानं ठेवलेलं असतं. इंजेक्शनला घेऊन येते ती आई. जिच्या आयुष्याची पुढची दहा-बारा वर्षं यात जाणार आहेत तिला आधी विचारा, इतकं साधं आहे हे.

यावर हमखास ऐकवली जाणारी एक गोष्ट आहे. "आमचे आजोबा आधी घरात घेऊ देत नव्हते आणि आता त्याच्याशिवाय जेवत नाहीत." अशी घरं असतात, मी पाहिलीत. पण ती गोष्ट सांगणारे फोटो दाखवायला येतात. जिथे तसं झालं नाही ते लोक संध्याकाळी उशिरा, दवाखाना रिकामा झाल्यावर येतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, याच्यासाठी दुसरं घर बघाल का?" ते कोणी लग्नात सांगत नाही.

'नको'च्या आत काय काय असतं ते आता बघू.

सगळ्यात जुनी भीती चावण्याची. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या कथा ऐकलेल्या आहेत. ती जुनी लस भारतात कधीच बंद झाली. आता इंजेक्शन दंडाला देतात आणि डोसही चार-पाचच असतात. पण भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, आणि आपल्या देशात हा रोग आजही आहे. म्हणून घाबरणाऱ्या आईला "काही होत नाही" असं सांगू नका. काय करायचं ते सांगा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी न चुकता. दात किंवा नख लागून नुसता ओरखडा उठला, रक्त आलं नाही, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही तेवढी वाटतात. हळद, चुना, तिखट यांतलं काही लावायचं नाही. मग डॉक्टरांकडे जायचं, घरचा आणि लस दिलेला कुत्रा असला तरी. आणि सहा-सात वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा या दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असो. लहान मुलांना कुत्र्याचा इशारा कळत नाही. जेवताना तो अंग ताठ करतो, कान मागे घेतो, तोंड फिरवतो आणि मूल त्याच वेळी मिठी मारायला जातं.

दुसरी भीती दम्याची. इथे एक गैरसमज पक्का बसलाय की केसांमुळे ॲलर्जी होते आणि म्हणून बिनकेसाळ किंवा अमुक 'ॲलर्जी न करणारी' जात आणावी. मांजराची ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळे. मांजर अंग चाटतं, ते प्रथिन वाळून घरभर पसरतं. अजिबात ॲलर्जी न करणारी जात, ना कुत्र्याची ना मांजराची, अशी नसते. विकणारा असं सांगत असेल तर पाकीट खिशात ठेवा. मुलाला दमा असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा आणि मग प्राणी असलेल्या ओळखीच्या घरी त्याला तास-दोन तास बसवा, वेगवेगळ्या दिवशी, चार-पाच वेळा. आणून मग परत देण्यापेक्षा हे बरं.

घरात कोणाला दिवस गेले असतील तर मांजर लगेच बाहेर काढायचा आग्रह सुरू होतो. टॉक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या परजीवीचा धोका खरा आहे. पण तो मांजराच्या शीमधून, आणि ती शी एक ते पाच दिवस पडून राहिल्यावर होतो. शीचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कोणीतरी करायचा. नवऱ्याला काम लागलं म्हणून बिघडत नाही. हाच परजीवी कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, हे कोणी बोलत नाही.

मग देवघर आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या लेखांत हा मुद्दा सापडत नाही आणि आपल्याकडे तर निम्म्या घरांत तोच खरा असतो. सासूबाई सोवळं पाळतात किंवा घरात अंडंही शिजत नाही. कुत्र्याचं एक वेळ निभतं. आहार नीट आखला, मधूनमधून डॉक्टरांना दाखवला, तर कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. (नुसती दूध-पोळी म्हणजे आखलेला आहार नव्हे.) मांजर राहू शकत नाही. त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो प्राणिज अन्नातून येतो आणि तो मिळाला नाही तर मांजराची दृष्टी जाते, हृदय निकामी होतं. दूधभातावर वाढवलेली मांजरं आपल्या गोष्टींत पुष्कळ आहेत, पण ती बाहेर जाऊन उंदीर मारत होती हे गोष्टीत येत नाही. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या मांजराला ती सोय नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. तेव्हा मांजर आणायचं तर घरात चिकन किंवा मासळीचं खाणं येणार, हे सासूबाईंना आधी सांगायला हवं. बाहेरून कळलं तर मांजराचंच मरण. कुत्रा असेल तर देवघराचा वेगळाच धोका म्हणजे प्रसाद. शिऱ्यातल्या बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कांदा-लसूणही त्याला बाधतो.

प्रवासाचा आक्षेप मला सगळ्यात पटतो. गणपतीला कोकणात जायचं, मे महिन्यात माहेरी जायचं, मग कुत्र्याचं काय? रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत. ठेवून जायला भरवशाचं घर आहे का, हे प्राणी आणण्याआधी ठरवा. शेजारी "आम्ही बघू हं" म्हणतात ते प्रेमानं म्हणतात, पण गणपतीत तेही गावी जातात.

सोसायटीची भीती त्या मानानं किरकोळ. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण हे कागद दाखवून भांडायच्या आधी शी उचलायची पिशवी खिशात ठेवा. महापालिकेत नोंदणी करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता खरा घोळ. घरात ओढाताण झाली की तोडगा निघतो, "कुत्रा नको, मग निदान काहीतरी लहान आणू." या 'निदान'मधून जेवढे प्राणी हाल होऊन माझ्या टेबलावर येतात तेवढे दुसऱ्या कशातून येत नाहीत.

पोपट? आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आजीकडे मिठू होता म्हणून तो कायदेशीर होत नाही. मुनिया आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव यांचंही तेच. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतात ते बहुधा बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियातले. ते चालतात, पण जोडीनं आणि मोठ्या पिंजऱ्यात.

गालावर लाल पट्टी असलेलं नाण्याएवढं कासव मुलं फार हौसेनं आणतात. ते जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि पंचवीस-तीस वर्षं सहज जगतं. घराचं कर्ज फिटलं तरी कासव असतंच. मग लोक त्याला तलावात सोडतात आणि तिथल्या देशी कासवांचं जगणं अवघड होतं. शिवाय ही लाल पट्टीची कासवं साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू बाळगतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला १९७५ पासूनच बंदी आहे, कारण लहान मुलं आजारी पडत होती.

ससा हा सगळ्यांत गैरसमज झालेला प्राणी. सशाला गाजर नाही, गवत लागतं, वाळलेलं आणि दिवसभर पुरेल इतकं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. त्याला उन्हाळा सोसत नाही, उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि घाबरून जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणजे लहान मुलाला ससा देणं हे दोघांवरही अन्याय. हॅमस्टर रात्री जागतो, मूल दिवसा. गिनीपिग त्यातल्या त्यात माणसाळतं, पण त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा रोज ताजी ढोबळी मिरची किंवा तसलं काही द्यावंच लागतं. मासे चांगले, पण गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश म्हणजे हळूहळू स्वतःच्याच घाणीत गुदमरणारा मासा. फिल्टर असलेली मोठी टाकी आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायची तयारी असेल तरच.

कुत्राच हवा आणि आईच्या मनात अजून धाकधूक आहे, तर माझं एक ठरलेलं सांगणं असतं. पिल्लू आणू नका, मोठा कुत्रा आणा. आणि जमलं तर गावठी. लोकांना हे आवडत नाही. "लहानपणापासून असला की लळा लागतो." लळा मोठ्या कुत्र्यालाही लागतो. पिल्लू म्हणजे पहिले काही महिने रात्रीचं रडणं, घरभर शू, चार ते सहा महिन्यांत दात बदलताना कुरतडलेल्या चपला आणि सोफे, लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची टांगती तलवार. नको म्हणणारी आई नेमकी याच दिवसांत तुटते. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव दिसतो. तो मुलांना बिचकतो का, कुकरच्या शिट्टीला भुंकतो का, एकटा राहतो का, हे आणायच्या आधी कळतं. प्राण्यांना आसरा देणाऱ्या बऱ्याच संस्था काही आठवडे सांभाळायला म्हणून कुत्रा देतात. नाही जमलं तर तो परत जातो आणि कोणाच्या माथी काही बसत नाही. असं आणताना मुलांना मात्र तो आपला झाला असं सांगायचं नाही.

जातिवंत आणायचाच असेल तर हवामान बघा. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पगची लाट आली होती, त्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना एप्रिलमध्ये श्वास पुरत नाही. पुण्यात आणि मुंबईत बर्फाळ प्रदेशातला, दाट केसांचा हस्की कुत्रा बघितला की मला आधी पंख्याचं बटण शोधावंसं वाटतं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. कोणी 'लहान आहे तोवर घेऊन जा' म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

मध्ये एक कुटुंब आलं होतं. मुलाला लॅब्रेडॉर हवा होता. मी मुलाला बाहेर वजनकाट्याशी खेळायला पाठवलं आणि आईला विचारलं. ती म्हणाली, "मला कुत्र्याची भीती नाही, केसांचंही काही नाही. मी सकाळी सहाला डबे करते. त्या वेळेला मी खाली जाणार नाही, पावसात तर नाहीच नाही." आजींना विचारलं तर त्यांचं म्हणणं एवढंच की मांसाची भांडी ओट्यावर नकोत. म्हणजे फिरवावं लागणार नाही असा प्राणी, आणि त्याचं खाणं स्वयंपाकघराबाहेर. त्यांनी एका संस्थेतून नसबंदी झालेली मोठी मांजर आणली. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी होतीच, ती दुहेरी केली. कोरड्या खाण्याचा डबा तिथेच कपाटात, वाटी तिथेच, आणि ती धुवायचं काम मुलाकडे.

मांजर छान रुळली आहे. मुलगा मात्र अजून अधूनमधून लॅब्रेडॉरचे व्हिडिओ लावून बसतो. आईनं त्याला सांगून ठेवलंय की नोकरी लागली, स्वतःचं घर झालं की आण, सकाळी सहाला तूच खाली जा.