गोलीच्या तोंडून पद्यकादंबरी

फुटबॉल, घर आणि बापाचं जाणं हा विषय घेऊन मुलांसाठी कवितांची कादंबरी लिहायची, तर आधी निवेदक कुठे खेळतो ते ठरवा. बहुतेक जण स्ट्रायकर घेतात. गोली, म्हणजे गोलकीपर, घ्यावा. स्ट्रायकरला धावण्यातून फुरसत नसते; गोली 90 मिनिटांतला बराच वेळ नुसता उभा असतो आणि बांधावर बसलेल्या बाबांकडे त्याची नजर जातेच. पेनल्टीला चेंडू 12 यार्डांवर, मागे 24 फुटांचा गोल, पाय रेषेवर. शिट्टी होईपर्यंत एक अख्खी कविता मावते.

गोष्ट गोव्यात घडत असेल तर शेताचं वेळापत्रक पाळावं लागतं. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापलं की रिकाम्या मळ्यात बांबूचे खांब उभे राहतात. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक, केलेल्या मळ्यात तेही नाही. जुलैत तिथे मॅच दाखवली की पेडणे-डिचोलीचा वाचक पुस्तक मिटतो, कारण तेव्हा तिथे चिखल आणि लावणी असते. पावसातलाच सामना हवा असेल तर म्हापशाला धुळेरच्या मैदानावर न्या. मळ्यात धसकटावर आपटून चेंडू भलतीकडे उसळतो, गोली फसतो तो तिथे. मैदानावरच्या हाका कोकणीतच राहू द्या.

आता छंद. खेळ मुक्तछंदात, घर अभंगात, ही वाटणी चांगली चालते. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

बूट बाबांचे ते
कोपऱ्यात तसे
चिखल न पुसे
आई त्यांचा

चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा पडतो, आणि दुःखाला तेवढं पुरतं. त्यात आणखी विशेषणं भरली की रडगाणं होतं. मुक्तछंदात उलटी चूक होते: ‘मी / धावलो / मग / वळलो’. ओळी जोडून गद्यासारख्या वाचा; काहीच हरवलं नाही, तर ती कविता नव्हतीच.

मरण अचानक आणू नका. बाबा पायऱ्यांवर थांबतात, छातीतली जळजळ पित्ताची समजून सोडा पितात, औषधाची गोळी घ्यायची चुकवतात. या तीन खुणा पहिल्या निम्म्यात, आजाराशी संबंध नसलेल्या कवितांत पेरा. मग सुतकाचे दहा दिवस तुम्हाला आयतेच मिळतात. उपांत्य सामना आठव्या दिवशी ठेवा. काका म्हणणार, ‘सुतकात कसला खेळ?’ आई गप्प. मुलाने खेळावं की नाही, हे लेखकाने आधी ठरवू नये. काका आणि आई या दोघांच्या कविता लिहून झाल्या की ते कळतं. मुंडणाची रीत घराघरात वेगळी, पण झालं असेल तर हेडरला चेंडू थेट कातडीला लागतो. ती एक ओळ मात्र सोडू नका.

छपाईचं सुरुवातीलाच बोलून घ्या. एका पानावर एकच कविता असली तर 120 कवितांना निदान 120 पानं लागतात, आणि कागद वाचवायला प्रकाशक दोन कविता एका पानावर कोंबू पाहतो. इतर ठिकाणी कोंबू द्या. बाबा जातात त्या कवितेनंतरचं पान कोरं राहील, हे आधीच कबूल करून घ्या.