मासेमारीचा अहवाल उलटा वाचा: आधी पाणी, मग मासा

अमेरिकेत गळ टाकायला निघणाऱ्याची एक मोठी सोय आहे: मासेमारीचे अहवाल. टेक्ससमध्ये तर राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं दर आठवड्याला तलावागणिक अहवाल देतं: पाणी निवळ की गढूळ, तापमान किती, पातळी कुठे, कोणता मासा कशावर लागतोय. नवखा माणूस नेमका शेवटचा भाग वाचतो, सांगितलेलं आमिष घेतो आणि रिकाम्या हाताने परततो. मासा कुठे होता एवढंच अहवाल सांगतो. शनिवारी तो कुठे असेल हे पाण्याच्या आकड्यांवरून आपणच काढायचं असतं.

समजा, मार्चमधल्या एका बुधवारची नोंद अशी आहे: पाणी किंचित गढूळ, ६२ अंश, पूर्ण पातळीच्या १.४ फूट खाली, क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक मासा) चांगला लागतोय, मिनोवर (आमिषाचे छोटे मासे), बुडालेल्या झुडपांपाशी १२ ते १८ फूट खोल. यातला सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे ६२. फॅरेनहाइटमधले हे ६२ अंश म्हणजे सुमारे १७ सेल्सिअस. पाणी ६० ते ६५ च्या आसपास आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाकडे सरकतो, म्हणजे नोंद झाली तेव्हा मासे खोलातून निघायच्या बेतात होते. गुरुवार-शुक्रवार ऊन पडलं आणि रात्रीही फार गारवा नसला, तर शनिवारी २ ते ५ फूट पाण्यात, काठच्या लव्हाळ्यात शोधा. उलट मध्येच उत्तरेचा थंड वारा सुटला, तर सगळ्यात आधी उथळ पाणी गार होतं. मग मासा जवळच्या पहिल्या उतारापर्यंत मागे हटतो आणि आमिषामागे धावत नाही. अहवाल एकच, पण बेत दोन आणि अगदी उलटे. त्यामुळे अहवालाच्या तारखेपासून निघायच्या दिवसापर्यंतचं हवामान, विशेषतः रात्रीचं तापमान, शेजारी ठेवूनच तो वाचावा. वसंतात तलावाच्या उत्तर बाजूच्या खाड्या लवकर तापतात, कारण तिथे ऊन पोचतं आणि उत्तरेचा वारा अडतो. सुरुवात तिथून करावी.

गढूळपणाचंही तसंच. अहवालात अख्ख्या तलावाला मिळून एकच शब्द असतो. पाऊस पडला की आधी ओढे येऊन मिळतात ती वरची टोकं लाल होतात, धरणाच्या भिंतीजवळचं पाणी बरेच दिवस निवळ राहतं. मोठा पाऊस झाला असेल तर गाडी भिंतीकडे वळवा. गढुळात मासा जवळचंच पाहू शकतो, म्हणून गडद किंवा झगझगीत पिवळट-हिरवं, पाण्यात थरथर करणारं लूर (नकली आमिष) आडोशाला खेटून फिरवावं. पातळी चढत असेल तर मासे नव्याने बुडालेल्या गवतात शिरतात, झपाट्याने उतरत असेल तर काठ सोडतात.

अहवालातली बरीच माहिती बोटीवर सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) लावून फिरणाऱ्या गाइड मंडळींकडून येते. ‘२० फुटांवर झुडपं’ हे काठावरून गळ टाकणाऱ्याला जसंच्या तसं कामाचं नाही. आपण काठालगत खोल पाणी कुठे मिळतं ते पाहायचं: भिंतीचा दगडी उतार, पुलाचे खांब, मासेमारीसाठी बांधलेला धक्का. क्रॅपीला ६ नंबरचा बारीक तारेचा गळ, वर साधारण ३० सेंटिमीटरवर छोटं शिसं आणि तरंगा पुरतो. क्रॅपी वर बघून खातो, म्हणून आमिष त्याच्या थोडं वरच लटकवा. खाली गेलं तर तो ढुंकूनही बघत नाही.

धरणाखालच्या नदीत उतरायचं असेल तर अहवालापेक्षा यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा प्रवाहाचा आलेख महत्त्वाचा. त्यातले आकडे म्हणजे आपले क्यूसेकच. नुसता आकडा पाहू नका, रेघ चढतेय का ते पाहा. विसर्ग अचानक वाढतो आणि ज्या वाटेने पात्रात उतरलो ती वाट बुडते. पाणी चढताना दिसलं की लगेच बाहेर या.

नियमही तलावागणिक बदलतात. टेक्ससमध्ये लार्जमाउथ बास हा मासा साधारणपणे १४ इंचांचा भरला की ठेवता येतो, पण लेक फोर्क या तलावावर १६ ते २४ इंचांमधला पाण्यात सोडावाच लागतो. म्हणून परवान्यासोबत मोजपट्टीही घ्या.

काठावर पोचल्यावर थर्मामीटर दोरीला बांधून सावलीतल्या पाण्यात दोन मिनिटं सोडा. अहवालापेक्षा चार-पाच अंशांचा फरक निघाला तर त्यातली खोली विसरा. पाणी गार निघालं तर उतारावरून खोलाकडे जा, ऊबदार निघालं तर काठाकडे या. प्रत्येक खोलीला वीसेक मिनिटं द्या.