केळदच्या जमिनीवर एक थंडीची रात्र

वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जाणारा रस्ता डिसेंबरात फार देखणा असतो. गवत पिवळं पडलेलं आणि उत्तरेला तोरण्याची धार अगदी स्वच्छ दिसते. आजोबांच्या वाट्याचा तुकडा तिथेच आहे, मढे घाटाच्या अलीकडे. एक दिवस त्यावर छोटंसं घर बांधायचंय, म्हणून मी एकटीच तंबू घेऊन गेले.

रात्री थंडीने हाडं गारठली. पहाटे तंबूच्या आतून दव ठिबकत होतं. पण मला बघायचं होतं ते ऊन. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे टेकाडाची सावली वर्षात सर्वांत लांब पडते. दिवसभर मी ती सरकेल तशी खुंट्या ठोकत गेले. वरच्या बांधाजवळ ऊन आधी येतं आणि उशिरापर्यंत टिकतं. घर तिथेच.

शेजारच्या शेतातले मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, दार कोकणाकडं करू नका. आखाडात झड सरळ चुलीवर येती." त्यांच्या गोठ्याचा कूड कारवीचा, शेणामातीने लिंपलेला. हात लावून पाहिला, आतून उबदार होता. सिमेंटचा विचार मी तिथेच सोडला.

झऱ्याला आत्ता पाणी आहे, पण डिसेंबरातल्या पाण्यावर भरवसा ठेवून घर बांधत नाहीत. वैशाखात पुन्हा जाईन. तेव्हा हंडा भरायला किती वेळ लागतो, त्यावर टाकी किती मोठी बांधायची ते ठरेल.