झेंड्याच्या खांबाची सावली

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज येतायत, गॅदरिंग, सहली आणि छड्यांवर बाकीचे लिहितीलच, मी आपलं भूगोलाच्या बाईंवर लिहितो.

आपल्या साताऱ्यात शाळा जूनच्या मध्याला उघडायची, वह्यांना कव्हरं घालून होतात न होतात तोच 21 जून, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण आभाळ भरलेलं त्यामुळे बघायला काही नाही. आम्ही आठवीत गेलो त्या वर्षी पाऊस लांबला आणि बाईंनी अख्खा वर्ग झेंड्याच्या खांबापाशी नेला. बारा वाजले तरी बाई गप्प. म्हणे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, सातारा त्याच्या बराच पश्चिमेला, म्हणून इथला खरा मध्यान्ह 12 वाजून 36 मिनिटांच्या सुमारास. तोवर आम्ही उन्हात. पुढच्या बाकावरचे हुशार म्हणत होते आज सूर्य डोक्यावर, सावली गायब होणार. झाली नाही! वीस फुटी खांबाची दोनेक फूट सावली पडली आणि तीही दक्षिणेला.

मग बाईंनी तिथेच मातीत काठीने आकृती काढली. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर डोक्यावर येतो, आणि कर्कवृत्त तर पार भोपाळच्याही थोडं वर, अख्खा महाराष्ट्र त्याच्या खाली. सातारा 17.7 अंशांवर, म्हणजे सूर्य आपल्याला ओलांडून जवळजवळ सहा अंश उत्तरेला गेलेला. आपल्या डोक्यावर तो येतो 10 मेच्या आसपास आणि परतताना ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे शून्य सावली एकदा सुट्टीत आणि एकदा ढगात, काय नशीब बघा. डिसेंबरात याच खांबाची सावली सतरा फुटांच्या वर, उत्तरेला.

एकाने विचारलं, मोठा दिवस म्हणजे सूर्य जवळ येतो का, तर बाई म्हणाल्या उलट, जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, 15.2 कोटी किलोमीटर, आणि जानेवारीत जवळ, 14.7 कोटी. यावर वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांना सहन झाला नाही.

आता ऐकतोय की मैदानात पेव्हर ब्लॉक बसवणार आहेत. कमिटीला एवढंच सांगणं, बसवा, पण खांबापासून उत्तर-दक्षिण एक रेघ आखा आणि जून-डिसेंबरच्या दोन्ही खुणा करून ठेवा, रंगाचा खर्च आमची बॅच देईल.